ग्रीगचे 'लिरिक पीसेस', ओपस १२: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पियानोवर बर्गम्युलरचे ओपस १०० (सोप्या अभ्यास-रचनांचा संच; ओपस म्हणजे संगीतकाराच्या कृतीचा क्रमांक) संपले, दोन-चार सोनातिना (छोटे सोनाटा) वाजवून झाल्या, स्वर चुकत नाहीत, तरी वाजवणे सपाट येते. अशा टप्प्यावरच्या विद्यार्थ्यांना आठ महिने हा संच दिला. नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग याने १८६७ ते १९०१ या काळात असे दहा संच छापले, एकूण ६६ रचना. त्यातला हा पहिला, आठ छोट्या रचनांचा. अनुभव एका वाक्यात सांगायचा तर, स्वर पंधरा दिवसांत बसतात, पण आवाज बसायला दोन महिने लागतात. आणि संच घ्यायचा तो या दोन महिन्यांसाठीच.

सगळ्यात जास्त शिकवून जाते ती पहिली, 'आरिएटा'. जेमतेम २३ बार, ई फ्लॅट मेजर. वर सुरावट, खाली बास, आणि मधे दोन्ही हातांत वाटून दिलेले झुळझुळते सेमीक्वेव्हर (पाव मात्रेचे स्वर). बहुतेकांची चूक ठरलेली असते. उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका सुरावट वाजवत असताना त्याच हाताचा अंगठा मधल्या ओळीत येतो, आणि अंगठा मुळात जड असल्याने त्याचा स्वर सुरावटीच्या वर चढून बसतो. 'अंगठा हळू' असे सांगून काही होत नाही. उपयोगी पडला तो हा क्रम: आधी फक्त सुरावट, पण शेवटी जी बोटे लागणार त्याच बोटांनी. मग मधले स्वर एकत्र दाबून कॉर्ड म्हणून, म्हणजे हार्मनी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) कुठे बदलते ते कानाला कळते. तिसरी पायरी सगळ्यात मोलाची: सुरावट मेत्सो फोर्तेत (मध्यम मोठ्या आवाजात) वाजवायची आणि मधल्या स्वरांच्या पट्ट्यांना बोट नुसते टेकवायचे, आवाज काढायचाच नाही. हे जमले की पट्टी अर्धवट दाबल्यासारखा पियानिस्सिमो (अगदी हळू आवाज) आपोआप येतो. रोज चार बार, दहा मिनिटे, त्याहून जास्त नको. फोन पियानोपासून दोन मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा. वाजवणाऱ्याला स्वतःचा अंगठा ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये लगेच येतो.

पेडलचेही तसेच. नवा बास वाजतो त्या क्षणी पाय वर, आणि लगेच पुन्हा खाली. बासबरोबर पाय खाली मारला तर मागची हार्मनी नव्यात मिसळून गढूळ होते. डिजिटल पियानोचे सुटे पेडल गुळगुळीत फरशीवर पुढे सरकत जाते आणि पाय त्याच्यामागे ताणला जातो. खाली रबरी मॅट टाकली की प्रश्न मिटतो.

दुसऱ्या, ए मायनर वॉल्ट्झमध्ये अडचण डाव्या हाताची. बासनंतरचे दोन कॉर्ड जड पडले की नाच कवायतीसारखा होतो. डावा हात आठवडाभर एकटा वाजवून घ्यावा.

तिसरी 'वॉचमन्स साँग', शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चा प्रयोग पाहून सुचलेली. बाहेरचा, म्हणजे सुरुवातीचा आणि शेवटचा, भाग इतका साधा की मुले त्यावरून धावत सुटतात. दोन्ही हात एकच सुरावट वाजवतात तिथे ते एकाच क्षणी पडत नाहीत हे तेव्हाच उघडे पडते. मधला, रात्रीच्या भुतांचा भाग खालच्या स्वरांतून वर उसळणाऱ्या आर्पेजिओंचा (एकामागून एक वाजवलेल्या कॉर्डच्या स्वरांचा) आहे, आणि तो हळू आवाजातच भीतिदायक वाटतो.

चौथ्या 'एल्व्ज डान्स'ला इतक्यात हात लावू नये. वेगवान, हलका स्टॅकाटो (तुटक स्वर) मागितला की मनगट आखडते. तोच भाग त्याच बोटांनी आधी लेगाटो (स्वर जोडून) बसवावा, मेट्रोनोम ८० (मिनिटाला ८० ठोके) पासून चार-चारने वाढवत, आणि मगच तोडून वाजवावा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात पियानोच्या पट्ट्या फुगून सुस्त होतात, त्याचा पहिला फटका याच रचनेला बसतो. हात दोषी की वाद्य, हे आधी तपासा.

पाचवी 'फोक मेलडी' ताल पक्का असलेल्यांना चटकन जमते. सहावी 'नॉर्वेजियन' मात्र आपल्याकडच्या मुलांना फार लवकर भिडली. डाव्या हातात डी आणि ए धरून ठेवलेले असतात, थेट सा-प लावलेला तंबोरा. ग्रीगच्या कानात हार्डिंगफेले हे नॉर्वेचे व्हायोलिन होते, आणि त्यालाही सारंगीसारख्या तरफेच्या तारा असतात. हे एकदा सांगितले की डावा हात आपोआप पाठीमागे राहतो.

सातवी 'आल्बम लीफ' सुरावट मधेच डाव्या हाताकडे सोपवते, म्हणून ती 'आरिएटा'नंतर लगेच द्यावी. तोच प्रश्न आता उलट्या हाताला. आठव्या, देशभक्तिपर रचनेत भरगच्च कॉर्ड आहेत. ज्यांचा हात अष्टकाला सहज पुरत नाही त्यांनी ती ठेवून द्यावी, ताणून वाजवू नये.

वाद्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे: ६१ हलक्या पट्ट्यांच्या कीबोर्डवर या संचाचा उपयोग नाही, कारण आवाजाचे थर बोटाच्या वजनातून येतात. हॅमर अ‍ॅक्शनच्या ८८ (खऱ्या पियानोसारख्या जड) पट्ट्या हव्यात, आणि टच सेटिंग मधलेच ठेवावे.

ग्रीगचे १९०७ मध्ये निधन झाले आणि स्वामित्वहक्क संपले, त्यामुळे जुन्या आवृत्तीचे स्कॅन विनामूल्य मिळतात. त्यातले फिंगरिंग मात्र छोट्या हातांसाठी तपासून, पेन्सिलने बदलून घ्या. आणि विद्यार्थी पुढे गेला की शेवटच्या संचातली शेवटची रचना, ओपस ७१ मधली सातवी, त्याच्यासमोर ठेवा. 'आरिएटा'चीच सुरावट चौतीस वर्षांनी तिथे वॉल्ट्झ होऊन परत येते, आणि ज्याने अंगठ्याशी दोन महिने झगडा केला आहे त्याला ती पहिल्याच ओळीत ओळखू येते.