'चेक' शब्दाच्या कसोटीवर एटिमऑनलाइन

इंग्रजी शब्द कुठून आला आणि त्याचा अर्थ कसकसा बदलत गेला हे बघायचं असेल, तर फुकट मिळणाऱ्या साधनांत पहिल्यांदा उघडावं असं ठिकाण म्हणजे एटिमऑनलाइन डॉट कॉम. पूर्ण नाव 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी'. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टर इथल्या डग्लस हार्पर यांनी हा कोश बव्हंशी एकट्याच्या कष्टाने उभा केला. शिक्षक, भाषांतरकार, शब्दांची गोडी असलेला कुणीही, सगळ्यांनी तो वापरावा असाच आहे. फक्त त्याची वाचायची एक रीत आहे. ती माहीत नसली की चुकीचे निष्कर्ष निघतात, आणि तेच मग व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरत राहतात.

कसोटीला 'चेक' हा शब्द घेऊ. मराठी बोलताना तो आपण दिवसभर वापरतो. गॅस बंद आहे का ते चेक कर, चेक वटला का, चेक्सचा शर्ट. तपासणं, धनादेश आणि चौकडीची नक्षी, या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? कोश खरंच कामाचा असेल तर त्याने हे उलगडून दाखवायला हवं. एटिमऑनलाइन ते दाखवतो, पण एका पानावर नाही.

शोधपेटीत सी-एच-ई-सी-के टाकलं की एकाहून जास्त नोंदी येतात. नाम वेगळं, क्रियापद वेगळं, आणि एकाच स्पेलिंगच्या नामांना १, २ असे आकडे. इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. पहिली नोंद वाचून लोक पान बंद करतात. चौकडीचा चेक दुसऱ्या नामाखाली आहे, तपासण्याचा क्रियापदाखाली, आणि इंग्लंडच्या सरकारी खजिन्याशी, म्हणजे 'एक्स्चेकर'शी, असलेला संबंध त्या शब्दाच्या नोंदीत. त्यामुळे आलेल्या सगळ्या नोंदी वाचायच्या आणि मजकुरातले दुवे उघडत जायचं. 'चेक'साठी किमान पाच पानं उघडावी लागतात: चेक, चेकर, चेकमेट, एक्स्चेकर आणि शाह.

ही पाच पानं जोडल्यावर जे चित्र उभं राहतं ते विलक्षण आहे. फारसीतला 'शाह', म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की त्याचंच नाव उच्चारून इशारा द्यायचा. हा शब्द अरबीतून मध्ययुगीन लॅटिनमध्ये आणि तिथून जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' होऊन पोहोचला. त्याचं अनेकवचन 'एशे', आणि त्यावरून इंग्रजी 'चेस'. म्हणजे 'चेस' हे मुळात 'चेक'चंच अनेकवचन. खेळाला आपण दिलेलं चतुरंग (चार अंगांचं सैन्य) हे नाव फारसीत चतरंग, अरबीत शतरंज झालं आणि स्पॅनिशपर्यंत टिकलं. इंग्रजीने मात्र सैन्य सोडून राजाला धरलं.

इंग्रजीत 'चेक' हा बुद्धिबळातला शब्द म्हणून सुमारे 1300 पासून सापडतो. शह बसला की खेळाडूचा हात अडतो, मनात असलेली चाल त्याला करता येत नाही. म्हणून चौदाव्या शतकातच 'अचानक बसलेली अडवणूक' असा अर्थ आला आणि पुढे 'आवर घालणं' हा. आज 'तपासणं' हा अर्थ सर्वांत जास्त चालतो, पण तो बराच उशिरा आलेला आहे. एखादी गोष्ट नोंदीशी किंवा अधिकृत आधाराशी ताडून बघणं या अर्थाने क्रियापद 1690च्या दशकात दिसतं. अडवणं आणि तपासणं यांतला सांधा असा, की चूक किंवा लबाडी पुढे जाऊ नये म्हणून वाटेत थांबवून पडताळायचं.

धनादेशही याच सांध्यातून निघाला. सुमारे 1700 पासून 'चेक' म्हणजे चोरी किंवा खोटेपणा रोखण्यासाठी ठेवलेली खूण. आपल्या पावती पुस्तकात जी स्थळप्रत राहते, तिच्याशी फाडलेला तुकडा जुळवून बघता येतो, तशी ही पडताळणीची सोय. बँकेच्या कागदासाठी हा शब्द कोशात 1798 पासून नोंदलेला आहे. वस्तू मात्र शब्दापेक्षा जुनी. इंग्लंडमध्ये 1659-60 सालचा हाताने लिहिलेला तसा कागद आजही शिल्लक आहे. तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं, इतकंच. ब्रिटनमधलं क्यू-यू-ई वालं स्पेलिंग एकोणिसाव्या शतकात रुळलं, तेही 'एक्स्चेकर'च्या प्रभावाने. अमेरिकेने सी-के ठेवलं. अमेरिकेत हॉटेलचं बिलही 'चेक'च, 1869 पासून. भारतीय बँकांनी ब्रिटिश स्पेलिंग घेतलं म्हणून आपल्या चेकबुकावर क्यू दिसतो.

'एक्स्चेकर'ची नोंद न चुकता वाचावी. नॉर्मन राजांच्या काळात इंग्लंडच्या महसुलाचा हिशेब एका मोठ्या टेबलावर होत असे. त्यावर चौकटी आखलेलं कापड अंथरायचं आणि त्या चौकटींत सोंगट्या सरकवून बेरीज-वजाबाकी करायची. बाराव्या शतकातल्या रिचर्ड फिट्झनील यांच्या लॅटिन ग्रंथात या टेबलाचं मापही आहे: सुमारे दहा फूट लांब, पाच फूट रुंद. कापड बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे म्हणून कचेरीचंच नाव 'एक्स्चेकर', म्हणजे 'पट', पडलं. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याच्या 'चॅन्सेलर ऑफ द एक्स्चेकर' या पदनामात तो पट आजही आहे. चौकडीच्या शर्टाचा 'चेक' हाही 'चेकर'चं आखूड रूप, म्हणजे पुन्हा तोच पट.

आता रीत. एटिमऑनलाइनवर 'सी' हे अक्षर दोन अर्थांनी येतं. आकड्याच्या आधी असेल तर 'सुमारे', आकड्याच्या नंतर असेल तर 'शतक'. '14 सी' म्हणजे चौदावं शतक, अर्थात 1300 ते 1400. कित्येक जण ते 1400 नंतरचं धरतात. दुसरं, हे साल शब्दाच्या जन्माचं नसतं. तो लिखित स्वरूपात पहिल्यांदा जिथे सापडतो, आणि तेही जो कागद आजवर टिकला त्यात, त्याचं ते साल असतं. बोलण्यात शब्द त्याआधी पन्नास वर्षंही असू शकतो. 'चेक हा शब्द 1300 साली तयार झाला' असं वाक्य लेखात आलं की समजावं, लिहिणाऱ्याने सूचनापान वाचलेलं नाही. तिसरं, शब्दाआधी तारांकन असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, भाषाभ्यासकांनी तुलनेतून मांडलेलं आहे.

अर्थांच्या क्रमाबद्दलही सावध राहावं लागतं. वर मी अडवणूक, आवर, पडताळणी अशी सरळ साखळी मांडली. ती समजायला सोपी पडते. पण 'चेक'च्या पानावरच ऑक्सफर्ड कोशाचा एक शेरा उद्धृत केला आहे: या शब्दाचं नाम आणि क्रियापद एकमेकांवर इतका परिणाम करत गेले, की कोणता अर्थ कशानंतर आला हे नक्की ठरवणं अवघड आहे. हा शेरा छापणं हा हार्पर यांचा प्रामाणिकपणा आहे, आणि या कोशाबद्दल आदर वाटण्याचं ते एक मोठं कारण. 'चेकमेट'च्या नोंदीतही तसंच. 'शाह मात' म्हणजे 'राजा मेला' ही सर्वत्र सांगितली जाणारी फोड. फारसी 'मात'चा अर्थ हतबल, थक्क. अरबीत त्यासारखंच दिसणारं रूप 'मेला' या अर्थाचं, आणि दोहोंची गल्लत झाली असावी, हे कोश सांगतो. खेळाच्या नियमाशीही हेच जुळतं. बुद्धिबळात राजा मारला जात नाही, त्याला हलायला जागा उरत नाही.

मराठीत हे दोन्ही शब्द फारसीतून थेट आले आहेत. शह देणे, काटशह, मात करणे. इंग्रज 'चेकमेट' म्हणतो तेव्हा तो आपलाच शह आणि आपलीच मात फ्रेंच उच्चारातून फिरवून म्हणत असतो. ही गोष्ट एटिमऑनलाइन सांगत नाही, कारण ते त्याचं काम नाही. त्यासाठी शिकागो विद्यापीठाच्या 'डिजिटल साउथ एशिया लायब्ररी'त जावं. तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे मुळाचं आद्याक्षर असतं: फारसीसाठी पी, अरबीसाठी ए, संस्कृतसाठी एस. त्याच संग्रहात स्टाइनगासचा फारसी कोशही आहे. दोन खिडक्या शेजारी उघडून ताडून बघितलं की काम भक्कम होतं.

'शाह'च्या पानावर आणखी एक पायरी मागे जाता येते. प्राचीन फारसीतला 'राजा' या अर्थाचा शब्द आणि संस्कृत 'क्षत्र' हे एकाच मुळाचे. म्हणजे चेकबुकातला चेक आणि क्षत्रिय हे लांबचे भाऊबंद. नहपान वगैरे पश्चिमी क्षत्रपांचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. त्यातला 'क्षत्रप'ही इराणी बाजूने आलेला त्याच कुळातला शब्द, आणि मराठी वर्तमानपत्रं प्रादेशिक पुढाऱ्यांना आजही तो लावतात. इथे मराठी वाचकाला एक अडचण येईल. हा कोश संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहिताना बहुतेक ठिकाणी खुणा गाळतो, त्यामुळे श, ष, स यांतला फरक आणि ऱ्हस्व-दीर्घ पानावर दिसत नाहीत. संस्कृत रूप तिथून उतरवून घेऊ नये; मोनियर-विल्यम्स किंवा आपट्यांच्या संस्कृत कोशात बघूनच देवनागरीत लिहावं.

सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे मूळ वाक्यं. तारीख मिळते, पण त्या तारखेला कोणी काय लिहिलं हे क्वचितच मिळतं. अर्थ बदलला असं म्हणायचं तर वाक्य समोर हवं. 'चेक'सारख्या जुन्या शब्दासाठी यावर उत्तम फुकट उपाय आहे, मिशिगन विद्यापीठाचा 'मिडल इंग्लिश डिक्शनरी'. त्यात चौदाव्या-पंधराव्या शतकातली वाक्यं सालासकट आहेत. चॉसर या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कवीच्या 'बुक ऑफ द डचेस' या कवितेतला उतारा या शब्दासाठी मुद्दाम काढून वाचावा. शोकमग्न सरदार सांगतो, की नियतीने आपल्याशी बुद्धिबळ मांडलं, आपला 'फर्स' उचलला आणि पटाच्या मधोमध 'चेक' आणि 'मॅट' म्हणाली. 'फर्स' म्हणजे फारसी फर्झीन, आपला वजीर. इंग्लंडमध्ये त्याची राणी झाली होती, म्हणून पत्नीच्या मृत्यूचं दुःख त्या एका सोंगटीत मावतं. शब्द, खेळ आणि अर्थ तिथे एकत्र दिसतात. नुसत्या सालाने हे कळत नाही.

पंधराव्या शतकानंतरच्या वाक्यांसाठी ऑक्सफर्ड कोशाला पर्याय नाही. त्याची वर्गणी भरावी लागते आणि फुकट थोडंच दिसतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी आधी आपल्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड बघावं. अनेक ग्रंथालयं त्या कार्डावर घरून प्रवेश देतात. भारतात विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करावी. नाहीच जमलं तर पहिल्या आवृत्तीचा 'सी'चा खंड (1893) 'इंटरनेट अर्काइव्ह'वर स्कॅन रूपात आहे. अक्षर बारीक आहे, पण 'चेक'ची वाक्यं त्यात भरपूर आहेत.

नोंदीखाली येणारा वापराचा आलेख शोभेपुरताच समजावा. तो गूगलच्या पुस्तकसंग्रहावरून काढलेला असतो, आणि असे आलेख बहुधा विश्वासार्ह नाहीत असं त्याखाली स्वतः कोशानेच लिहून ठेवलं आहे. 'चेक'बाबत तर तो हमखास फसवतो: अमेरिकन पुस्तकांतला धनादेश, बिल आणि तपासणी एकाच रेषेत, ब्रिटिश धनादेश दुसऱ्या स्पेलिंगखाली.

भारतीय मुळाचे इंग्रजी शब्द बघताना हात राखून विश्वास ठेवावा. 'मंगूस'च्या नोंदीत मराठी मुंगूसाचा मान राखला आहे आणि पुढे तेलुगू-कन्नडकडेही बोट दाखवलं आहे, ते योग्यच. पण अशा शब्दांना तिथे दोन-तीन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. त्यांच्यासाठी यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश (पहिली आवृत्ती 1886, तिथे 1903ची) शिकागोच्याच संग्रहात आहे, आणि त्यात जुन्या प्रवाशांची वाक्यं पानंच्या पानं दिली आहेत.

'चेक'बद्दल एक दावा नेटवर सतत दिसतो, की हा शब्द अरबी 'सक्क'वरून आला. सक्क म्हणजे पैसे देण्याचं लेखी वचन, आणि अशी पत्रं मध्ययुगीन इस्लामी व्यापारात खरोखर चालत. उच्चार जवळचा, वस्तू जवळची, म्हणून दावा पटकन पटतो. तो तपासायचा असा: इंग्रजीत या शब्दाला बँकेचा अर्थ येण्याआधी कोणते अर्थ होते ते बघा. सक्कवरून आला असता तर शब्द पैशाचा अर्थ घेऊनच इंग्रजीत उतरला असता. प्रत्यक्षात शह, अडवणूक, पडताळणी, स्थळप्रत आणि मग बँकेचा कागद असे टप्पे दिसतात, आणि पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत जवळजवळ पाचशे वर्षं जातात. अरबीचं ऋण इथे आहेच, पण ते 'शाह' इंग्रजीपर्यंत पोहोचवण्याचं.