वहीतलं प्रश्नचिन्ह आणि ३,६१,२०० रुपये

आकडा आधीच सांगून टाकते: ३,६१,२०० रुपये. मुलांच्या दुबईतल्या शाळेसाठी म्हणून अकरा दिवसांत, तीन वेळा, माझ्या हाताने एका ठगाला दिलेले. आणि मी अकरा वर्षं पतसंस्थेत काउंटरवर बसते. 'ओटीपी कोणालाही सांगू नका' ही पाटी काचेवर मीच चिकटवली आहे. त्यामुळे शिकलेल्या बायका अशा कशा फसतात, हे मला कोणी विचारू नये. सासूबाईंनी विचारून झालंय.

आमच्या ह्यांना दुबईत नोकरी लागली, जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. अल कुसैसला तिघांत एक खोली. एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं ओळखपत्र, हातात यायचं होतं, त्यामुळे तिथल्या बँकेत पगाराचं खातंही उघडलं नव्हतं. इकडे मी, पाचवीत जाणारी मुलगी, पहिलीत जाणारा मुलगा आणि शाळेचा दाखला काढायची धावपळ. दुबईतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा एप्रिलला सुरू होतात. 'फेब्रुवारीत सीट पक्की केली नाहीत तर मुलं वर्षभर घरी बसतील,' असं जो भेटेल तो सांगत होता. त्यातच ह्यांच्या खोलीतल्या एकाने एक नंबर दिला. शाळा, बँक, सगळं एकत्र करून देणारा माणूस.

तो मराठी बोलायचा. मला पहिल्या फोनपासून 'वहिनी' म्हणाला. ह्यांना 'साहेब'. एक नाव लक्षात ठेवा: अनोळखी माणसाच्या तोंडचं 'वहिनी'.

अर्ज फी त्याने सांगितली मुलामागे ५०० दिरहम आणि त्यावर ५ टक्के व्हॅट, म्हणजे ५२५. मी लगेच विश्वास ठेवला नाही बरं का. शोधून पाहिलं. दुबईत खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी संस्थेचं नियंत्रण असतं आणि नव्या मुलाच्या अर्जाला ५०० दिरहमपर्यंतच घेता येतात. रक्कम दिरहमाला दिरहम जुळली. माझी चौकशी तिथेच संपली. त्याच नियमात दोन ओळी खाली लिहिलंय की नव्या मुलाची जागा राखायला शाळा वर्षाच्या फीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेऊ शकत नाही आणि तेही पुढे फीतून वळते होतात. फी १८,००० दिरहम, म्हणजे १,८००. ह्याने मागितले ४,५००, एकेका मुलाचे. पहिला आकडा खरा सांगायचा, म्हणजे माणूस दुसरा तपासत नाही. प्रत्येक शाळेचं फी फॅक्ट शीट केएचडीएच्या साइटवर असतं. फुकट. वाचायला पाच मिनिटं.

आता ती संध्याकाळ. ३ फेब्रुवारी. दोन अर्जांचे १,०५० दिरहम, त्याच्या २४ रुपयांच्या दराने २५,२०० रुपये. बाजारात दर पावणेचोवीसच्या आसपास होता, वरचं 'आमचं चार्जेस, वहिनी'. गॅसवर दूध, एका हातात चमचा, दुसऱ्या हातात फोन. क्यूआर स्कॅन केला आणि पडद्यावर नाव आलं. शाळेचं नाही. कुठल्याशा ट्रेडर्सचं. ट्रेडर्स! मी थांबले. फोन लावला. तो हसला, म्हणाला, 'कलेक्शन पार्टनर आहे. भारतातून दिरहम पाठवायचे तर बँकेचा ए-टू फॉर्म, टीसीएस हा कर, आठ दिवस जातात. तोवर सीट कोण ठेवेल?' दूध उतू जायला आलं. मी पिन टाकला.

मला रोजचा खर्च वहीत लिहायची सवय आहे. त्या दिवशीची ओळ अजून तशीच आहे: 'शाळा दुबई २५,२०० (ट्रेडर्स?)'. माझंच अक्षर. प्रश्नचिन्ह निळ्या पेनाने दोनदा गिरवलेलं. म्हणजे मला कळलं होतं. कळलं होतं, तरी त्याच आठवड्यात गुरुवारी मी बँकेत जाऊन दोन्ही सीटांसाठी २,१६,००० रुपयांची आरटीजीएस केली.

टीसीएसचं तर धादांत खोटं होतं. तेव्हा वर्षाला ७ लाखांपर्यंत तो लागतच नव्हता, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा १० लाख झाली. ए-टू फॉर्म म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा साधा अर्ज. शाळेच्या तिथल्या खात्यावर पाठवायचे तर आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, लागतो, यूएईचा आयबॅन एई अक्षरांनी सुरू होतो आणि २३ अक्षरांचा असतो. भारतात आयबॅन नसतोच. परदेशातल्या शाळेची फी कोणी आयएफएससी कोड देऊन मागत असेल, तर फोन ठेवा.

आरटीजीएसच्या फॉर्मवर मी लाभार्थी म्हणून शाळेचं नाव लिहिलं आणि खाली खाते क्रमांक त्याने दिलेला. पैसे नंबरावर जातात, नावावर नाही, हे मी स्वतः लोकांना समजावते. नाव आधी पडताळून बघायची सोय आरटीजीएस-एनईएफटीला १ एप्रिल २०२५ पासून आली. माझे गेले ६ फेब्रुवारीला. आता सोय आहे, तर वापरा.

तिसरी रक्कम सांगताना अजून कान गरम होतात. १३ फेब्रुवारी, १,२०,००० रुपये, एनईएफटी. 'प्री-अरायव्हल खातं', म्हणजे तिथे पोचण्याआधीच उघडायचं, माझ्या नावाने, किमान ५,००० दिरहम शिल्लक ठेवायची, शाळेची फी त्यातून आपोआप कापली जाणार. वर धमकी: साहेब बाहेर गेले, तुमचं इथलं जॉइंट सेव्हिंग खातं आता बेकायदा, केव्हाही गोठेल. अर्धं खरं होतं, म्हणून घाबरले. माणूस अनिवासी झाला की साधं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करून घ्यावं लागतं. पण ते आपल्याच बँकेत फॉर्म भरून होतं, त्यात मध्ये कोणी 'भाऊ' लागत नाही. आणि दुबईत रहिवाशाचं खातं एमिरेट्स आयडीशिवाय उघडत नाही, हे ह्यांच्या पगाराच्या खात्यावरून मला महिनाभर दिसत होतं! नवऱ्याचं उघडत नाही, माझं चिंचेच्या झाडाखाली बसून उघडणार होतं. त्याने डेबिट कार्डाचा फोटो पाठवला, त्यावर माझं नाव, आडनावाच्या स्पेलिंगसकट. मी तो मैत्रिणींना दाखवला.

१८ तारखेला हे युनिफॉर्मची विचारपूस करायला शाळेत गेले. रिसेप्शनवरच्या बाईंनी पावती पाहिली आणि विचारलं, मुलांची असेसमेंट कधी झाली? झालीच नव्हती. परीक्षा नाही, मुलाखत नाही, आणि पाचवीत सीट. हेही मला खटकलं नव्हतं.

त्याच दुपारी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०, लावला. चौथ्या खेपेला लागला. बोलणारी मुलगी चांगली होती, तक्रार क्रमांक दिला, म्हणाली पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर. ताई, मोठी रक्कम गेल्याचं मला कळलंच बारा दिवसांनी. पुढे पोलीस ठाण्यात गेले. साहेब म्हणाले, 'प्रकरण दुबईचं आहे, मिस्टरांना तिकडे तक्रार करू द्या.' ह्यांनी तिकडे विचारलं, उत्तर आलं की पैसे भारतातल्या खात्यातून भारतातल्या खात्यात गेले, भारतात करा. मी परत ठाण्यात. आज मोठे साहेब बंदोबस्तावर, उद्या या. उद्या प्रिंटर बंद. परवा स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का हवा. बँकेत शिक्क्याला दोन दिवस. शेवटी वही पाहून अंमलदार म्हणाले, 'मॅडम, इथे तुम्हीच प्रश्नचिन्ह काढलंय की.' हो, काढलंय. म्हणून काय गुन्हा माझा? एफआयआर झाला ११ मार्चला, एकवीस दिवसांनी. तोवर ते खातं धुतल्या तांदळासारखं स्वच्छ.

बँकेचं उत्तर तर छापूनच ठेवलेलं: व्यवहार ग्राहकाने स्वतः केला, जबाबदारी नाही. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं तर आधी बँकेला लेखी देऊन तीस दिवस थांबा. थांबले. नकार आला, त्याच शब्दांत. त्या खात्यात दुसरेही पैसे येत होते, माझ्यासारख्या कितीजणांचे कोण जाणे, मग खातं उघडताना ट्रेडर्सचं दुकान कोणी बघितलं होतं? हा प्रश्न मी तीन ठिकाणी लेखी विचारला. तिन्ही ठिकाणी पोच मिळाली.

१८,६०० रुपये मात्र कुठल्या तरी तिसऱ्या खात्यात अडकवून ठेवलेत. ते सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता. वकिलांची फी ७,०००.

मुलं यंदा इथल्याच शाळेत आहेत. मुलीने मैत्रिणींना निरोपाची कार्डं देऊन झाली होती, तिचं वेगळंच दुःख.

मागच्या आठवड्यात फोन आला. सायबर सेलमधून बोलतोय, रिफंड मंजूर झालाय, प्रोसेसिंगचे ४,९९९ भरा. मी म्हटलं, आधी माझा तक्रार क्रमांक सांगा. त्याने सांगितला, बरोबर. हा क्रमांक मी वहीबाहेर दोनच ठिकाणी दिला होता, ठाण्यात आणि बँकेत.