पासिंग ६७, तुम्हाला ७५: कॅनडाच्या नादात आमची अडीच वर्षं कशी गेली

ऑगस्ट २०२२ ची गोष्ट. मी तेव्हा ३७ वर्षांचा, मेकॅनिकल बीई, चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला, बायको फार्मसिस्ट, मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा. कोविडनंतर आमच्या दोघांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की जायचं तर आत्ताच, मुलगी पाचवी-सहावीत गेली की तिला उचलून नेणं अवघड. पण कुठे जायचं हे काही ठरेना. जर्मनीत कंपनीतले दोन जण गेलेले, पण भाषा शिकायची आणि मुलांनाही नव्याने सुरुवात. ऑस्ट्रेलिया बायकोला आवडायचं हवामानामुळे. कॅनडात माझा मावसभाऊ, मिसिसागाला, पण तो सतरा वर्षांपूर्वी गेलेला, त्याला आत्ताचे नियम माहीत नव्हते आणि त्याने तसं प्रामाणिकपणे सांगितलंही.

मग आम्ही पुण्यात एका कन्सल्टन्सीत गेलो. नाव लिहीत नाही, केस चालू आहे. आमची पहिली चूक इथेच झाली असं मला आता वाटतं, की कुठला देश निवडावा हा प्रश्न आम्ही अशा माणसाला विचारला ज्याला आम्ही सही केल्यावरच पैसे मिळणार होते.

तिथल्या मुलाने दहा मिनिटांत एक छापील कागद भरला. वय, शिक्षण, इंग्रजी, अनुभव, बायकोचं इंग्रजी, सगळे गुण मांडले आणि खाली गोल करून ७५ लिहिलं. म्हणाला सर, कॅनडाचं पासिंग ६७ आहे, तुम्हाला डिस्टिंक्शन आहे. आपण सगळे शाळा-कॉलेजात पासिंग आणि डिस्टिंक्शन ऐकत मोठे झालेलो, ते ७५ बघून बायकोने माझा हात दाबला होता, मला अजून आठवतं. आणि ऑस्ट्रेलिया? तर म्हणे तिकडे आता काही राहिलं नाही, कॅनडा वर्षाला चार लाखांच्यावर माणसं घेतंय, दीड वर्ष बंद असलेला ड्रॉ, म्हणजे रांगेतल्या लोकांना अर्जासाठी बोलावणं, आत्ता जुलैत उघडलाय, लवकर फाइल टाका.

आता नीट वाचा, कारण सगळी फसवणूक या एका जागेवर उभी आहे. ६७ गुण खरे आहेत. शंभरपैकी ६७ हवेतच, नाहीतर फेडरल स्किल्ड वर्करमधे, म्हणजे कॅनडाच्या कुशल कामगारांच्या योजनेत, अर्जच करता येत नाही. पण ते फक्त रांगेत उभं राहण्यासाठी. रांगेतून कोणाला बोलवायचं ते दुसऱ्या स्कोरवर ठरतं, सीआरएस, आणि तो १२०० पैकी असतो. त्या ऑगस्टमधले सगळे ड्रॉ ५१५ च्या वर लागले होते. माझा सीआरएस, इंग्रजी उत्तम आलं असं धरूनसुद्धा, ३८३ होत होता. हे गणित कॅनडा सरकारच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट करता येतं, अर्धा तास लागतो. त्या मुलाला ते माहीत होतं, त्याचं रोजचं काम आहे ते, पण त्या दिवशी सीआरएस हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही.

फी १ लाख ४० हजार अधिक जीएसटी, म्हणजे १ लाख ६५ हजार २००, दोन हप्त्यांत. मग आयल्ट्स, पहिल्यांदा रायटिंगला ६.५ आले म्हणून परत दिली, लिसनिंगला ८ आणि बाकी तिन्हीत ७ आणायला मी रात्री कंपनीतून येऊन अकरा-अकरापर्यंत बसायचो. डिग्रीचं मूल्यांकन करून घेतलं, त्याचे पैसे वेगळे. मे २०२३ मधे त्यांनी प्रोफाइल टाकलं, म्हणजे रांगेत नाव लावलं. प्रोफाइल टाकायला सरकार एक पैसा घेत नाही हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. लॉगिन त्यांच्याकडेच. विचारलं तर म्हणायचे, सर सिक्युरिटीचा प्रश्न असतो.

तोवर मी ३८ चा झालो होतो, स्कोर ३७८. नवरा-बायको मिळून अर्ज असेल तर या वयात दर वाढदिवसाला ५ गुण जातात, चाळिशीनंतर तर १०. त्या अख्ख्या वर्षात सगळ्यात खाली आलेला जनरल ड्रॉ ४८१ चा होता. म्हणजे मी शंभरावर गुण लांब होतो आणि दर महिन्याला फोनवर ऐकत होतो की पुढच्या ड्रॉला खाली येईल सर, थोडा धीर धरा.

डिसेंबर २०२३ मधे त्यांनी स्वतःहून बोलावलं. आता जॉब ऑफर घेऊन देतो, एलएमआयएवाला (परदेशी माणूस ठेवायला तिथल्या कंपनीला सरकारकडून मिळणारी मंजुरी), ५० गुण वाढतील, पाच लाख पॅकेज, दोन लाख आत्ता. मी त्याच दिवशी घरी कागदावर बेरीज केली असती तर कळलं असतं की ५० मिळवले तरी सव्वाचारशेच्या आसपासच जातो. केली नाही. बाबांनी त्यांची एफडी मोडून दोन लाख दिले आणि ते मी एका माणसाच्या खाजगी खात्यात टाकले कारण कंपनीच्या खात्यात टाकलं तर जीएसटी लागेल असं सांगितलं. पावती नाही. नोकरीच्या ऑफरसाठी किंवा एलएमआयएसाठी कामगाराकडून पैसे घेणं कॅनडात बेकायदेशीर आहे, हे मला नंतर मावसभावाने त्याच्या ओळखीच्या लायसन्सवाल्या इमिग्रेशन सल्लागाराला विचारून सांगितलं.

संशय पहिल्यांदा बायकोला आला. ऑफर लेटर आलं ते कुठल्याशा गोदामातल्या सुपरवायझरचं. ती म्हणाली, अरे तू क्वालिटी इंजिनिअर, तुला हे गोदामात का बोलावतायत? मग मी लॉगिनसाठी पाठ लागलो, दोन आठवडे, शेवटी ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा पासवर्ड दिला. रात्री दोघांनी उघडून बघितलं तर माझ्या अनुभवात दोन वर्षं गोदाम सुपरवायझर लिहिलेलं, जे मी आयुष्यात केलं नाही. आणि प्रतिनिधी नेमलाय का या प्रश्नापुढे चक्क नाही. म्हणजे कागदोपत्री हे सगळं खोटं मी स्वतः भरलेलं. कॅनडाच्या कायद्यात खोटी माहिती दिली तर पाच वर्षं बंदी आहे. पैशाचं वाईट वाटलंच, पण त्या रात्री मला जी भीती वाटली ती वेगळी होती, की माझ्या नावावर असा डाग लागला तर दुसऱ्या देशाचा फॉर्म भरताना पण सांगावं लागणार. अर्जापर्यंत गोष्ट गेली नव्हती म्हणून वाचलो. प्रोफाइल मी स्वतः काढून टाकलं.

ऑस्ट्रेलियाचं नंतर बसून बघितलं तेव्हा जास्त लागलं. तिकडे किमान ६५ गुण लागतात, आणि तिथेही किमान गाठले म्हणजे बोलावणं येतंच असं नाही, पण माझे तेव्हा ७० होत होते आणि एखाद्या राज्याने नॉमिनेट केलं तर ५ किंवा १५ अजून. ३३ ते ३९ वयाला २५ गुण, चाळिशीला १५. फेब्रुवारी २०२५ मधे मी चाळीस पूर्ण केली. राहिलं नाही म्हणून सांगितलेला देश आमच्यासाठी शिल्लक होता, आणि त्याची वेळ आम्ही कॅनडाच्या फोनची वाट बघण्यात घालवली.

पैसे मागितले तर करारातलं कलम दाखवलं, प्रत्येक टप्प्याची फी नॉन-रिफंडेबल, आणि वाद झाला तर दिल्लीच्या कोर्टात. दोन लाखांबद्दल तर तो माणूस आमचा नाहीच म्हणाले. दिल्ली वाचून मी चार महिने गप्प बसलो, तसं तुम्ही बसू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. मी पुण्यातच केली आहे.

कॅनडासाठी कुणी पैसे घेऊन सल्ला देत असेल तर त्याचा आरसीआयसी नंबर, म्हणजे सल्लागाराचा लायसन्स नंबर, मागा आणि त्यांच्या कॉलेजच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या संस्थेच्या, सार्वजनिक यादीत नाव स्वतः शोधा, ऑस्ट्रेलियाला तसाच एमएआरएन नंबर असतो. आमच्यावेळी मी नंबर मागितला होता, तर आमचे कॅनडातले वकील बघतात एवढंच उत्तर आलं आणि मी पुढे विचारलं नाही.

आणि तुम्हालाही तो ६७-७५ वाला कागद भरून दिला असेल तर रागाने फाडू नका, तारखेसकट फोटो काढून ठेवा. माझ्या तक्रारीला जोडलेला पहिला पुरावा तोच आहे.