तीन कॅनचं डीपी किट: काही महिने वापरल्यानंतर

आमच्याकडे भेगांसाठी तपासायचे बहुतेक जॉब चुंबकाला न चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे, अधूनमधून अ‍ॅल्युमिनियमचे. त्यामुळे मॅग्नेटिक पार्टिकल टेस्टचा (चुंबक आणि लोहचूर्णाने भेगा शोधण्याचा) प्रश्नच येत नाही, ती फक्त चुंबक पकडणाऱ्या धातूंवर चालते. म्हणून डीपी, म्हणजे डाय पेनिट्रंट टेस्टचं तीन स्प्रे कॅनचं किट घेतलं: क्लीनर, भेगेत शिरणारा लाल रंग म्हणजे पेनिट्रंट, आणि तो बाहेर ओढून दाखवणारी पांढरी पावडर म्हणजे डेव्हलपर. काही महिने ते सतत हाताशी आहे. किटबद्दल तक्रार नाही. पण निकाल कसा येणार हे पुसणाऱ्याच्या हातावर ठरतं, हे घेण्याआधी कोणी नीट सांगत नाही.

पेनिट्रंट भेगेत शिरतो तो केशाकर्षणाने. भेग तेलाने, स्लॅगने (वेल्डिंगच्या मळीने) किंवा पाण्याने आधीच भरलेली असेल तर तो शिरणार कुठे? म्हणून आधी वायर ब्रश, मग क्लीनर, आणि क्लीनर पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचं. शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छर्ऱ्यांचा मारा करून साफ केलेल्या जॉबवर माझा अजिबात भरवसा नाही. माऱ्याने वरचा धातू पसरतो आणि भेगेचं तोंड बुजतं; अ‍ॅल्युमिनियमसारख्या मऊ धातूत तर फारच. जोरात ग्राइंडिंग केलं तरी तेच.

पेनिट्रंट मारल्यावर निदान दहा मिनिटं थांबावं लागतं, बारीक भेगांसाठी जास्त. नेहमीची पद्धत साधारण 10 ते 52 अंश सेल्सिअसच्या पट्ट्यातली. गार जॉबवर पेनिट्रंट घट्ट होतो आणि रेंगाळतो, तापलेल्यावर वाळून जातो. वाळू द्यायचा नाही, वाटल्यास पुन्हा थोडा मारावा.

खरी मेख पुसण्यात आहे. आधी कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने, मग क्लीनरने जेमतेम ओलावलेल्या कापडाने, एकाच दिशेने. क्लीनर थेट जॉबवर फवारला तर भेगेतला रंगही धुऊन निघतो आणि खराब जॉब पास होतो. घाई असली की नेमका हाच मोह होतो. उलट कमी पुसलं तर डेव्हलपर मारताच सगळं गुलाबी होतं आणि काहीच कळत नाही. कापडावर फिकट गुलाबी छटा येऊ लागली की थांबावं, असा माझा अंदाज.

डेव्हलपरचा कॅन आतली गोळी खडखडेपर्यंत हलवायचा आणि साधारण फूटभर अंतरावरून पातळ थर द्यायचा. मग डोळे हटवायचे नाहीत. एका वेल्डच्या शेवटच्या खळग्यात आधी सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका आला, पाठोपाठ त्याला तीन बारीक पाय फुटले: चांदणीच्या आकाराचा क्रेटर क्रॅक. नुसत्या डोळ्याला तिथे काहीही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने रंग पसरून त्या पायांचा एकच डाग झाला. उशिरा आलेल्याने ती भेग नव्हे, पोरोसिटी (वायूचं बारीक छिद्र) ठरवली असती. शेवटचा निकाल 10 ते 60 मिनिटांच्या दरम्यान द्यायचा असतो, पण सुरुवातीची ही दोन मिनिटं फार काही सांगून जातात. लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर रेषेसारखा दोष, नाहीतर गोल.

मर्यादाही आहेतच. पृष्ठभागावर तोंड उघडलेला दोषच दिसतो, आतला दिसत नाही. किती खोल आहे तेही कळत नाही. सच्छिद्र कास्टिंगवर तर पूर्ण पृष्ठभागच रंग सोडतो, तिथे हे किट वापरू नये. उजेड भरपूर हवा, जॉबवर किमान 1000 लक्स. आणि लाल रंग एकदा वापरलेल्या जॉबवर नंतर फ्लुओरेसंट टेस्ट (अतिनील दिव्याखाली चमकणाऱ्या पेनिट्रंटची) करायची असेल तर सावध राहा. भेगेत उरलेला लाल रंग तिची चमक मारून टाकतो.

स्टेनलेस आणि टायटॅनियमसाठी कमी क्लोरीन, कमी सल्फरचं प्रमाणपत्र असलेलाच बॅच घ्यावा, तो कागद मागून घ्यावा. हातमोजे घालाच, नखांतला लाल रंग लवकर जात नाही. वास उग्र असतो आणि कॅन ज्वलनशील, त्यामुळे बंद टाकीच्या आत हवा खेळती नसेल तर मी फवारत नाही. दोष दुरुस्त करायचा तर पुन्हा वेल्डिंगआधी रंग आणि पावडर पूर्ण काढावी लागते.

तिन्हींत क्लीनर सगळ्यांत आधी संपतो. किट घेताना त्याचा एक कॅन जास्तीचा घेऊन ठेवा.