चार्ली पार्करचा सॅव्हॉय-डायल संच: काही महिने ऐकल्यावर

अमेरिकन जॅझ सॅक्सवादक चार्ली पार्करचा आठ सीडींचा हा संच पहिल्या सीडीपासून ओळीने ऐकायला घेतलात तर तिसऱ्या सीडीपर्यंत कंटाळा येईल, हे आधीच सांगून ठेवतो. दोष पार्करचा नाही, मांडणीचा आहे. १९४४ ते १९४८ या काळात सॅव्हॉय आणि डायल या दोन छोट्या कंपन्यांसाठी त्याने स्टुडिओत जे वाजवलं ते इथे तारीखवार लावलंय. एकाच धूनचे चार-पाच टेक, म्हणजे मुद्रणाचे प्रयत्न, लागोपाठ येतात, त्यात काही सेकंदांत थांबलेले टेकही आहेत. अभ्यासाला हे सोन्यासारखं, पण रविवारी सकाळी चहासोबत लावायला अगदी निरुपयोगी.

उपाय सोपा आहे. सीडी संगणकावर उतरवून घ्या आणि दोन याद्या करा. पहिल्या यादीत फक्त मास्टर टेक, म्हणजे तेव्हा तबकडीवर निघालेले. दुसऱ्या यादीत एका दिवसाचं सगळं काम, टेकच्या क्रमाने. २६ नोव्हेंबर १९४५ च्या सॅव्हॉय सत्राचे मास्टर असे: 'बिलीज बाउन्स' टेक ५, 'नाउज द टाइम' टेक ४, 'थ्रायव्हिंग ऑन अ रिफ' टेक ३, 'को-को' टेक २. पहिली यादी निदान दोन-तीन आठवडे ऐका. मास्टर डोक्यात पक्के बसले की मगच दुसरीकडे वळा, नाहीतर टेकमधले फरक कळतच नाहीत, नुसती पुनरावृत्ती वाटते.

एकदा फरक कळू लागले की हा संच बंद करवत नाही. 'बिलीज बाउन्स' हा बारा बारचा ब्लूज. बारमध्ये चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. सुरुवातीच्या टेकमध्ये पार्करची रीड (सॅक्सच्या तोंडाशी कंप पावणारी पट्टी) मधूनच चिरकते, ते स्पष्ट ऐकू येतं. तरी प्रत्येक टेकमध्ये तो सोलो नव्याने रचतो. एकोणीस वर्षांचा ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस त्याच त्या कल्पना घोळवत सावधपणे पुढे जातो, आणि शेजारी पार्कर मागच्या टेककडे वळूनही बघत नाही.

'को-को' साठी वेगळा वेळ काढा. दहा इंची ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, आणि हे सगळं तेवढ्यात बसवलंय. बत्तीस बारची प्रस्तावना: आठ बार दोघं एकत्र, आठ ट्रम्पेट, आठ सॅक्स, पुन्हा आठ एकत्र. मग मिनिटाला तीनशेच्या आसपास ठोक्यांच्या लयीत चौसष्ट बारची दोन आवर्तनं पार्कर एकटा वाजवतो, त्यानंतर मॅक्स रोचचे ड्रम्स, आणि प्रस्तावना पुन्हा येऊन शेवट. आधार 'चेरोकी' या लोकप्रिय गाण्याच्या कॉर्ड्सचा, म्हणजे चालीखालच्या स्वरसमूहांचा. पहिल्या टेकमध्ये ते 'चेरोकी' ची मूळ चालच वाजवू लागतात आणि मध्येच थांबवले जातात, कारण चाल वाजली की रॉयल्टी द्यावी लागणार. कॉर्ड्सवर कुणाचा हक्क नसतो. बीबॉप या तेव्हाच्या नव्या जॅझ शैलीतल्या कितीतरी 'नव्या' धूनांमागे हाच हिशेब आहे. डायलसाठी केलेली 'क्वासिमाडो' ही धून 'एम्ब्रेसेबल यू' च्या कॉर्ड्सवर उभी आहे. दोन्ही एकापाठोपाठ लावून बघा.

'एम्ब्रेसेबल यू' वर जरा थांबावंच लागेल. २८ ऑक्टोबर १९४७, न्यूयॉर्क, डायल. दोन टेक आहेत, ए आणि बी. ए टेकमध्ये पार्कर गाण्याची ओळखीची चाल घेतच नाही. सहा स्वरांचा एक तुकडा घेतो, तोच वरखाली फिरवतो, आणि त्यातून सगळा सोलो उलगडत नेतो. वेगवान पार्कर अंगावर येत असेल तर सुरुवात इथून करा. दुसरं दार म्हणजे सप्टेंबर १९४८ चा 'पार्कर्स मूड', सॅव्हॉय, टेक ५. संथ ब्लूज, ट्रम्पेट नाही, सोबत जॉन लुईसचा पियानो, कर्ली रसेलचा बास आणि रोच.

वाजवणाऱ्यांसाठी थोडं. आल्टो हा ई-फ्लॅटचा सॅक्स, त्यामुळे 'बिलीज बाउन्स' आणि 'नाउज द टाइम' पियानोवर एफमध्ये असले तरी आल्टोवर डी येतो. 'पार्कर्स मूड' आणि 'को-को' बी-फ्लॅटमध्ये, म्हणजे आल्टोवर जी. 'यार्डबर्ड सूट' सीमध्ये, आल्टोवर ए. सोलो उतरवून घेताना वेग निम्म्यावर आणा, पण त्याआधी अ‍ॅपमध्ये पट्टी जुळवून घ्या. जुन्या तबकडीवरून उतरवताना फिरण्याचा वेग किंचित चुकला तरी सूर पाव स्वराने सरकतो, आणि मग वाद्याशी काही केल्या जुळत नाही. दुसरी अडचण गिळलेल्या स्वरांची. पार्कर ओळीतले काही स्वर नुसते सुचवतो, पुरते फुंकत नाही. खरखर काढण्यासाठी जास्त गाळलेल्या आवृत्त्यांत हे स्वर आधी जातात, आणि रोचची सिंबलही त्यांच्याबरोबर जाते. स्ट्रीमिंगवर एकाच टेकच्या अनेक आवृत्त्या सापडतील. थोडी खरखर असलेली निवडा.

स्ट्रीमिंगवरची नावं मात्र डोळे झाकून घेऊ नका. 'को-को' वर ट्रम्पेट माइल्सचा असल्याचं अजून कुठे कुठे लिहिलेलं दिसतं. तो डिझी गिलेस्पीचा आहे. 'ड्रिफ्टिंग ऑन अ रीड' हीच धून 'एअर कंडिशनिंग' आणि 'जायंट स्विंग' या नावांनीही निघाली. 'डॉना ली' पार्करच्या नावावर आहे, पण ती आपण केली असं माइल्सने पुढे सांगितलं. नक्की टेक हवा असेल तर मॅट्रिक्स क्रमांक (कंपनीने मुद्रणाला दिलेला) बघा: सॅव्हॉयचा 'को-को' म्हणजे ५८५३, त्यापुढचा आकडा टेकचा. डायलच्या १९४७ च्या सत्रांत टेकला आकड्याऐवजी अक्षरं आहेत.

२९ जुलै १९४६ चा 'लव्हर मॅन' पहिल्या यादीत घालू नका. पार्कर त्या दिवशी उभं राहण्याच्या अवस्थेतही नव्हता, सुरुवातीची जागा चुकते, सूर सुटतात. त्यानंतर तो सुमारे सहा महिने कॅमारिलोच्या सरकारी मनोरुग्णालयात होता. डायलच्या रॉस रसेलने ही तबकडी तरीही काढली आणि पार्करने त्याला ते कधी माफ केलं नाही. काहींना ती हृदयद्रावक वाटते. ती विकायला काढण्यात मला काही थोर दिसत नाही. १९५१ मध्ये पार्करने निर्माता नॉर्मन ग्रँझसाठी हेच गाणं पुन्हा वाजवलं, ते ऐका.

आता या संचात काय नाही. जे मॅकशॅनच्या बँडबरोबर डेक्कासाठी १९४१ मध्ये केलेलं काम नाही. १९४५ मध्ये गिल्ड कंपनीसाठी गिलेस्पीबरोबर केलेलं 'शॉ नफ' आणि 'हॉट हाउस' नाही, आणि ही उणीव खरोखर टोचते. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बंदी घातली होती, १९४४ पर्यंत ती टप्प्याटप्प्याने उठली. बीबॉप नेमका त्याच काळात घडत होता, त्यामुळे सॅव्हॉयच्या पहिल्या तबकड्यांत तो एकदम तयार होऊनच समोर येतो. ग्रँझकडचं काम वेगळ्या दहा सीडींच्या संचात आहे. त्यात १९४९ चं तंतुवाद्यांबरोबरचं सत्रही येतं. 'जस्ट फ्रेंड्स' सोडलं तर त्या तंतुवाद्यांची साखर मला जास्त होते.

मैफलीतला पार्कर हवा असेल तर १५ मे १९५३ ची टोरोंटोच्या मॅसी हॉलमधली ध्वनिमुद्रिका घ्या. तिथे तो प्लॅस्टिकचा ग्राफ्टन आल्टो वाजवतोय, आणि कराराच्या अडचणीमुळे वेष्टनावर त्याचं नाव 'चार्ली चॅन' छापलं गेलं. मूळ मुद्रणात बास ऐकू येत नव्हता म्हणून बासवादक मिंगसने तो नंतर वरून वाजवून भरला. दोन्ही प्रकारच्या आवृत्त्या बाजारात आहेत, घेताना विचारून घ्या.

डीन बेनेडेटीच्या मुद्रणांचा सात सीडींचा संच मात्र सॅक्स वाजवणाऱ्यांनीच घ्यावा. बेनेडेटी स्वतः सॅक्सवादक. १९४७ मध्ये लॉस एंजेलिसच्या हाय-डी-हो क्लबमध्ये आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याने फक्त पार्करचे सोलो टिपले. तबकडी आणि कागदी टेप वाचवायला इतरांची पाळी आली की यंत्र बंद करायचा. म्हणून सुरुवात नाही, शेवट नाही, आवाज वाईट, आणि धून ओळखू येईपर्यंत तुकडा संपलेला असतो. हा संच मोझॅक कंपनीने १९९० मध्ये काढला. हेडफोन लावून, एका वेळी एकाच धूनचे निरनिराळ्या रात्रींचे तुकडे निवडून ऐकले तरच त्यातून काही हाती लागतं.