डी अँड डीचं २०२४चं प्लेअर्स हँडबुक: घ्यावं का?

आमचा ग्रुप सांगली-मिरजेचा, रविवारी विश्रामबागेत एकाच्या घरी बसतो, मध्ये भडंगाची परात आणि कडेनं फासे. खेळ डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकानं एक पात्र घेऊन गोष्ट रंगवत फासे टाकायचे; प्लेअर्स हँडबुक हे त्याचं नियमांचं पुस्तक. २०१४च्या पुस्तकावर बरीच वर्षं खेळून झाल्यावर सगळ्यांनी पैसे काढून हे नवीन घेतलं, आणि माझं मत विचाराल तर पॅलाडिनचं (धर्मयोद्ध्याचं पात्र) एक प्रकरण बदललं तेवढ्यावरच पैसे वसूल.

जुन्यात कसं होतं, वार लागला की स्माइट (वारावर जादा मारा), दुसरा लागला की परत स्माइट, स्लॉट (मंत्रांचा साठा) आहेत तोवर ओतत राहायचं, बॉस पहिल्याच राउंडला गार आणि बाकीचे नुसते बघत बसलेले. आता स्माइट हा स्पेलच (मंत्र) झालाय आणि बोनस ॲक्शन, म्हणजे टर्नमधली एकुलती जादा चाल, खातो म्हणजे टर्नला एकदाच. पॅलाडिनवाले जाम चिडलेत, चिडूदेत. असल्या पळवाटेचा त्रास राक्षसाला होत नाही, डीएमलाही (खेळ चालवणारा) फार नाही, तो अजून दोन राक्षस आणेल. त्रास होतो तो शेजारी साधा फायटर घेऊन बसलेल्या नव्या पोराला, त्याचा टर्न येईपर्यंत मारायला काही उरतच नाही. आता त्याला वेपन मास्टरी (हत्याराची खास करामत) आहे, टॉपलवालं हत्यार असलं तर समोरच्याला आडवा पाडता येतो, खेळल्यासारखं वाटतं.

पण लपायचा नियम कच्चाच राहिलाय. स्टेल्थला (लपायचा फासा) १५ आले की इनव्हिजिबल कंडिशन, म्हणजे न दिसायची अवस्था, आणि ती जाते आवाज केला, हल्ला केला, तोंडानं मंत्र म्हटला किंवा शत्रूनं शोधलं तर. मग आडोसा सोडून भर उजेडात चालत आलं तर काय, हे सरळ लिहिलेलंच नाही, आणि शब्दाला शब्द धरून बसणारा प्रत्येक टेबलावर एक असतोच. आमचा डीएम म्हणाला डोळ्यासमोर आलास की सापडलास, शंभर टक्के बरोबर. स्पिरिट गार्डियन्स या क्लेरिकच्या (पुजारी पात्र) मंत्राचंही तसंच, तो क्लेरिकभोवती असतो आणि त्याच्या घेऱ्यात सापडलेल्या शत्रूला सेव्ह (बचावाचा फासा) टाकावा लागतो; सेव्ह टर्नला एकदाच पण टर्न कुणाचाही चालतो, म्हणून मित्रांनी आपापल्या टर्नला क्लेरिकला धरून शत्रूंवरनं फिरवायचं, दरवेळी नवीन डॅमेज. आम्ही हे बंद केलंय.

सेकंडहँड किंवा पहिल्या छपाईचं घेणार असाल तर एराटा (छपाईनंतरच्या दुरुस्त्या) बघाच. कॉन्जर मायनर एलिमेंटल्स हा मंत्र वरच्या स्लॉटनं टाकला की त्याचा डॅमेज लेव्हलमागे २डी८ (आठ बाजूंचे दोन फासे) वाढायचा, २०२५मध्ये तो १डी८ केलाय, आणि छापलेल्या पानावर जुनंच असेल.