२०११ ची दुसरी जागा: अलाबामा की ओक्लाहोमा स्टेट?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या २०११ च्या मोसमात राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम सामन्यात दोनच टीमना जागा होती. त्यातल्या एलएसयूबद्दल (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) कुणाचंच दुमत नव्हतं. तेरापैकी तेरा सामने जिंकलेली आणि एसईसी या आपल्या कॉन्फरन्सच्या (कॉलेजांच्या गटाच्या) फायनलमध्ये जॉर्जियाला ४२-१० ने लोळवलेली ती टीम न्यू ऑर्लिन्सच्या अंतिम सामन्यात खेळणार हे ठरल्यासारखंच होतं. प्रश्न होता समोर कोण, हा. अलाबामा ११-१, ओक्लाहोमा स्टेटही ११-१. अंतिम सामन्यातले दोघे ठरवणाऱ्या बीसीएसच्या (मतदारांचे पोल आणि कॉम्प्युटर मिळून केलेल्या क्रमवारीच्या) शेवटच्या यादीत अलाबामाला ०.९४१९ गुण मिळाले, ओक्लाहोमा स्टेटला ०.९३३३. एवढ्याशा फरकाने एक टीम अंतिम सामन्यात गेली आणि दुसरीची रवानगी फिएस्टा बोल या वेगळ्या सामन्याला झाली.

आता विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफमध्ये बारा टीम असतात, मग हे जुनं उकरून काढायचं कशाला, असं कुणी विचारेल. पण दर डिसेंबरात शेवटच्या एक-दोन जागांवरून तोच वाद नव्या नावांनी होतो, आणि इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, कॉलेजात शिकणारी आपल्या मित्रमंडळींची मुलं त्यात हिरिरीने भांडतात. आपली बाजू ठरवायची असेल तर माझ्या मते २०११ सारखी परीक्षा नाही. जागा दोनच होत्या, त्यामुळे 'दोघांनाही घ्या' म्हणून सुटका नव्हती.

मी त्या काळात नोकरीनिमित्त हंट्सविलला राहत होतो, म्हणजे अलाबामातच. ऑफिसात शुक्रवारी निम्मे लोक गडद लाल शर्ट घालून यायचे, आणि त्यांच्यासोबत बघून बघूनच मला या खेळाची गोडी लागली. त्यामुळे अलाबामाबद्दल आकस असायचं काही कारण नाही.

आधी अलाबामाची बाजू, कारण ती सोपी आहे. तो डिफेन्स, म्हणजे बचावाची फळी. समोरच्याला दिलेले एकूण यार्ड (पुढे सरकू दिलेलं अंतर), धावून दिलेले यार्ड, पासवर दिलेले यार्ड आणि दिलेले गुण, या चारही बाबतीत त्या वर्षी देशात पहिला नंबर त्यांचा होता. पण आकडे न बघताही ते कळायचं. समोरच्या टीमच्या हातात बॉल आला की मी चहा टाकायला उठायचो. आधण येईपर्यंत त्यांनी पंट केलेला, म्हणजे नाद सोडून बॉल लांब लाथाडलेला असायचा. तिसऱ्या डाऊनला (प्रयत्नाला) क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, मागे सरकला की त्याला बॉल टाकायला मोकळा माणूसच सापडत नसे. कोच निक सेबनच्या त्या टीममधले कितीतरी खेळाडू पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेले, यात नवल नाही. अटॅकमध्ये फार चमक नव्हती, पण बॉल घेऊन धावणाऱ्या ट्रेंट रिचर्डसनला बॉल दिला की चार यार्ड कुठे गेले नाहीत.

त्यांचा एकमेव पराभव ५ नोव्हेंबरचा, एलएसयूकडून, टस्कलूसाला आपल्याच मैदानावर, ओव्हरटाइममध्ये, ९-६. एकही टचडाऊन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं, सहा गुण) नाही. अलाबामाचे चार फील्ड गोल (खांबांमधून लाथ मारून मिळणारे तीन गुण) हुकले. त्यातले निम्मे जरी गेले असते तरी हा लेख लिहायची वेळ आली नसती. 'देशातल्या एक नंबरच्या टीमकडून, तेही तीन गुणांनी हरले, याला काय पराभव म्हणायचं?' हा त्यांच्या समर्थकांचा मुद्दा मी ऑफिसात रोज ऐकत होतो, आणि तो पोकळ नाही.

ओक्लाहोमा स्टेटची गोष्ट वेगळ्या प्रकारची. क्वार्टरबॅक ब्रँडन वीडन आधी यँकीजच्या हाताखालच्या टीममधून बेसबॉल खेळून आलेला, २८ वर्षांचा गडी. समोर त्याने फेकलेला बॉल झेलणारा रिसीव्हर जस्टिन ब्लॅकमन. कोच माइक गंडीच्या या टीमचा डिफेन्स यार्ड खूप द्यायचा, हे खरंच आहे. कॅन्सस स्टेटविरुद्ध ते ५२-४५ असे जिंकले; अलाबामाच्या चाहत्याला तो स्कोअर बघून घाम फुटेल. पण हाच डिफेन्स बॉल हिसकावण्यात देशात पहिला होता. त्या मोसमात त्यांनी ४४ वेळा बॉल काढून घेतला. मी त्यांचे सामने बघायला लागलो तेव्हा ही सवय पटकन लक्षात आली: बचाव वाकतोय, वाकतोय, आणि आता तुटणार असं वाटतं तेवढ्यात बॉल यांच्या हातात.

टेक्सस ए अँड एमच्या मैदानावर मध्यंतराला ते ३-२० असे मागे होते, आणि ३०-२९ जिंकले. बेलरला ५९-२४. आणि शेवटच्या शनिवारी, ३ डिसेंबरला, आपल्या घरी ओक्लाहोमाला (त्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाच्या टीमला) ४४-१०. या शेजाऱ्याकडून ते सलग आठ वर्षं हरत आले होते, आणि कॉन्फरन्सचं निर्विवाद विजेतेपद तर १९४८ नंतर त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्यांच्या स्टिलवॉटरच्या मैदानावर प्रेक्षक अगदी कडेपर्यंत बसतात आणि पुढच्या रांगेतली मुलं नारिंगी वल्ह्यांनी कठड्याच्या गादीवर बडवत असतात. त्या रात्री टीव्हीवर कॉमेंटरीच्याही वर तो आवाज येत होता.

त्या वर्षी ओक्लाहोमा स्टेटच्या बिग १२ कॉन्फरन्समध्ये टीम दहाच होत्या आणि प्रत्येकीने बाकी नऊजणींशी खेळायचं होतं. पळवाट नव्हती. अलाबामा मात्र त्याच ३ डिसेंबरला घरी बसून होती, कारण आपल्या विभागात ती एलएसयूच्या मागे होती आणि कॉन्फरन्सच्या फायनललाच पात्र नव्हती. जी टीम आपल्या कॉन्फरन्सच्या अर्ध्या भागातही पहिली आली नाही, ती देशात पहिली येण्यासाठी खेळणार, हे मला तेव्हाही खटकलं होतं.

आता ओक्लाहोमा स्टेटचा एकमेव पराभव, एम्सचा. १८ नोव्हेंबर, शुक्रवारची रात्र, आयोवा स्टेटविरुद्ध ३१-३७, दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये. रँकिंगमध्ये नसलेल्या टीमकडून हरणं हे अलाबामाच्या पराभवापेक्षा वाईट, हे मान्य. २४-७ ची आघाडी हातात होती, ती गेली. शेवटच्या दीड मिनिटात क्विन शार्पची किक उजव्या खांबाच्या बरोबर वरून गेली आणि पंचांनी ती बाहेर दिली. खांबाच्या वरून गेलेला बॉल आत होता की बाहेर, यावर आजही एकमत नाही. आदल्याच दिवशी ओक्लाहोमा स्टेटच्या महिला बास्केटबॉल टीमचे कोच कर्ट बडकी आणि सहायक कोच मिरांडा सर्ना विमान अपघातात गेले होते. मी तो सामना बघितला. मुलांच्या चेहऱ्यावर जे होतं ते दिसत होतं. पण यासाठी मतं मागावीत असं मला वाटत नाही. दुःखाला सहानुभूती द्यावी, स्कोअरबोर्ड तसाच ठेवावा.

एक बारीक गोष्ट मात्र नोंदवतो. दुसऱ्याच दिवशी, १९ नोव्हेंबरला, अलाबामा आपल्या घरी जॉर्जिया सदर्नशी खेळत होती, म्हणजे खालच्या पातळीवरच्या टीमशी. जिंकले ४५-२१, आणि त्या टीमने देशातल्या सर्वोत्तम डिफेन्ससमोर तीनशेच्या वर यार्ड धावून काढले. एका बाजूला कॉन्फरन्सचा परक्या मैदानावरचा सामना, दुसऱ्या बाजूला हा. तुलना करताना हे कुणी फारसं धरत नाही.

एवढं सगळं जमेस धरून मी काही दिवस अलाबामाकडेच झुकलो होतो. 'सध्या ताकदवान कोण?' एवढाच प्रश्न असेल तर तेव्हाही माझं उत्तर अलाबामा होतं. माझं मत फिरवलं ते एकाच गोष्टीने, आणि ती गोष्ट ओक्लाहोमा स्टेटची नाहीच, एलएसयूची आहे.

एलएसयू-अलाबामा सामना आधीच झाला होता. ऑक्टोबरभर टीव्हीवर त्याला शतकातला सामना म्हणून वाजवलं गेलं. एक नंबर विरुद्ध दोन नंबर, दोघेही अपराजित. एलएसयूने समोरच्याच्या घरी जाऊन तो जिंकला. मग त्याचं त्यांना मिळालं काय? पुन्हा त्याच टीमशी खेळायची पाळी. आता हिशेब बघा: एलएसयूला विजेतेपदासाठी अलाबामाला दोनदा हरवावं लागणार होतं आणि अलाबामाला एलएसयूला एकदाच. जिंकणाऱ्याच्या मानेवर जास्त ओझं आणि हरणाऱ्याला सवलत. मला याचं समाधानकारक उत्तर कुणी दिलेलं नाही, आणि मी अनेक जाणकारांना विचारलं आहे.

शिवाय नियम तरी एकच असावा. २००६ साली मिशिगन ओहायो स्टेटकडून ४२-३९ असं हरलं होतं, तेही मोसमाच्या अगदी शेवटी, तेही पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या लढतीत. तेव्हा पुन्हा तीच जोडी नको असं बऱ्याच मतदारांनी ठरवलं आणि फ्लोरिडाला वर आणलं. फ्लोरिडाने ओहायो स्टेटला ४१-१४ ने धुऊन काढलं. पाच वर्षांनी प्रश्न तोच आला आणि उत्तर उलटं दिलं गेलं. २०११ मध्ये कॉम्प्युटरच्या सरासरीत ओक्लाहोमा स्टेट दुसरी होती. दोन्ही पोलमध्ये, म्हणजे माणसांच्या मतांत, अलाबामा. त्यातल्या एका पोलमध्ये मत देणारे खुद्द कोच असतात, ज्यांच्यापैकी काहींची टीम त्याच शर्यतीत असते.

आपल्याला क्रिकेटमुळे हे लगेच समजतं. २०१९ च्या विश्वचषकात न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे ११ गुण झाले. पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवलेलं असूनही नेट रनरेटवर न्यूझीलंड पुढे गेलं. हळहळ झाली, पण नियम पहिल्या चेंडूच्या आधी सगळ्यांना ठाऊक होता. इथे नियमच मतदाराच्या मनात, आणि तो वर्षागणिक बदलणारा.

अंतिम सामन्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ९ जानेवारी २०१२, अलाबामा २१, एलएसयू ०. एलएसयूला मैदानाची मधली रेघ एकदाच ओलांडता आली. पाच फील्ड गोल आणि शेवटी रिचर्डसनचा एक टचडाऊन. दोन्ही सामन्यांत मिळून झालेला तो एकमेव टचडाऊन. अलाबामावाल्यांसाठी वाद तिथेच मिटला, आणि मी त्यांच्याशी भांडत नाही. ती टीम त्या रात्री निर्विवाद श्रेष्ठ होती. पण दोघांत १-१ झाली आणि करंडक दुसऱ्या सामन्यावर दिला गेला, हेही तितकंच खरं. ओक्लाहोमा स्टेट असती तर कदाचित एलएसयूच्या डिफेन्सने वीडनला जखडून टाकलं असतं. शक्य आहे. निदान तो प्रश्न तरी नवा होता, आणि मैदानात सोडवायला शिल्लक होता.

या निकालानंतर काही महिन्यांतच चार टीमच्या प्लेऑफला मंजुरी मिळाली. तो २०१४ च्या मोसमापासून सुरू झाला. वाद काही संपला नाही. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० असून बाहेर राहिली, कारण तिचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस जायबंदी झाला होता, आणि १२-१ अलाबामा आत गेली. पुन्हा तेच: 'आज कोण भारी' विरुद्ध 'मोसमात कुणी काय केलं'. तिथेही मी दुसऱ्या बाजूला आहे. पण सेबनची टीम मुळात नको होती असं मी म्हणणार नाही, कारण तिने टेक्सस सोडून कुणाकडून हार खाल्ली नव्हती आणि कॉन्फरन्सच्या फायनलमध्ये जॉर्जियाची २९ सामन्यांची विजयमालिका मोडली होती. २०२३ ची अलाबामा २०११ च्या अलाबामापेक्षा मला जास्त हक्काची वाटते, कारण या वेळी तिने आपली कॉन्फरन्स जिंकली होती.

तर तुम्हाला बाजू निवडायची असेल तर असं करा. तुम्हाला फक्त सर्वांत ताकदवान टीम बघायची असेल तर अलाबामा घ्या, तुमची बाजू भक्कम आहे. नोव्हेंबरातल्या सामन्यांना जानेवारीत किंमत राहावी असं वाटत असेल तर ओक्लाहोमा स्टेट. माझं मत तिथे आहे. मात्र ठरवण्याआधी नुसत्या हायलाइट्सवर भागवू नका. टस्कलूसाचा ९-६ चा सामना पूर्ण बघा, त्यानंतर ३ डिसेंबरचा ओक्लाहोमाविरुद्धचा, आणि वेळ असेल तर फिएस्टा बोल, जिथे अँड्र्यू लकच्या स्टॅनफर्डला ओक्लाहोमा स्टेटने ओव्हरटाइममध्ये ४१-३८ असं हरवलं.